विद्यापीठ बदलायचं तर आधी तीन प्रश्नपत्रिका समोर घ्या

विद्यापीठ सुधारायचं मनात असेल तर कायदा, धोरणं, समित्यांचे अहवाल सगळं थोडा वेळ बाजूला ठेवा आणि आपल्या विषयाच्या तीन प्रश्नपत्रिका समोर घ्या. एक यंदाची, एक दहा वर्षांपूर्वीची आणि मिळाली तर एक आईवडिलांच्या काळातली.

मी हे इतिहासाच्या बाबतीत केलं. वडिलांनी त्यांच्या बी.ए.चा एक पेपर नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घरी ट्रंकेत जपून ठेवला होता. कागद पिवळा पडलेला, घडीवर विरलेला, सोडवलेल्या प्रश्नांपुढे पेन्सिलीच्या बारीक खुणा. त्यात एक प्रश्न होता: डलहौसीच्या खालसा धोरणाचं परीक्षण करा. मी बी.ए.ला बसले तेव्हा तोच प्रश्न मला आला. पुढे मी शिकवायला लागले आणि माझ्या विद्यार्थ्यांनाही तो येतच राहिला. नागपूर हे स्वतः त्या धोरणाखाली खालसा झालेलं राज्य. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी भोसले वारस न ठेवता वारले आणि १८५४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं राज्य ताब्यात घेतलं. राजवाड्यातले हत्ती, घोडे, बैल, जवाहीर लिलावात काढलं. ज्यांच्या गावात हे घडलं त्या मुलांनी मात्र गाईडमधले सहा मुद्दे लिहायचे आणि सोळापैकी दहा मार्क घ्यायचे.

मी दोन विद्यापीठांच्या हद्दीत मिळून चौतीस वर्षं शिकवलं. माझ्या अडचणी कुठे झाल्या ते नावानिशी सांगणार नाही, कारण त्या सगळीकडे सारख्याच आहेत. मध्यंतरी माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. ती आता स्वतः तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, घेतलेल्या तासांपुरत्या पैशावर शिकवते. म्हणाली, "मॅडम, इंग्रजांनी बसवलेली घडी मोडायला पाहिजे असं सगळेच म्हणतात. पण मी उद्या कॉलेजात गेल्यावर नेमकं करू काय?" तिला जे सांगितलं तेच इथं सविस्तर लिहिते आहे.

घडी कुठली, ते आधी ओळखा

१८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास इथं विद्यापीठं निघाली ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकवायचं कॉलेजांनी, विद्यापीठानं अभ्यासक्रम ठरवायचा, परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. आपल्याकडचं हिस्लॉप कॉलेज १८८३ चं, मॉरिस कॉलेज १८८५ चं. इथली मुलं आधी कलकत्त्याच्या आणि मग अलाहाबादच्या परीक्षेला बसायची. पेपर काढणारा शेकडो किलोमीटरवर आणि शिकवणारा इथं. नागपूर विद्यापीठ ४ ऑगस्ट १९२३ ला सुरू झालं, सहा कॉलेजांवर. बिपिनकृष्ण बोस पहिले कुलगुरू. (त्याच ऑगस्टमध्ये नागपुरात झेंडा सत्याग्रह पेटलेला होता आणि वल्लभभाई पटेल त्याचं नेतृत्व करत होते. एकाच गावात, एकाच महिन्यात या दोन गोष्टी चालल्या होत्या, हे मी वर्गात दरवर्षी सांगायचे.) तोवर सॅडलर आयोगानं, म्हणजे १९१७ ते १९ च्या कलकत्ता विद्यापीठ आयोगानं, विद्यापीठानं स्वतः शिकवावं असं स्पष्ट सांगून झालं होतं. तरी परीक्षा हाच विद्यापीठाचा कणा राहिला. आजही कोणत्याही विद्यापीठाचं अंदाजपत्रक उघडा आणि दोनच ओळी शोधा: जमेच्या बाजूला परीक्षा शुल्क आणि खर्चाच्या बाजूला ग्रंथालय. शेजारी शेजारी लिहून ठेवा. पुढे सगळीकडे कामाला येतील.

म्हणून माझं ठाम मत असं आहे की, जी सुधारणा प्रश्नपत्रिकेपर्यंत आणि शिक्षकाच्या कार्यभारापर्यंत, म्हणजे त्याच्या शिकवण्याच्या तासांपर्यंत, पोचत नाही ती कागदावरच राहते. अभ्यासक्रमाचं नाव बदलेल, सत्रं येतील, श्रेयांक म्हणजे क्रेडिट येतील. पण मुलगा मार्चमध्ये तेच गाईड उघडेल.

अभ्यासक्रमाचा प्रस्ताव: तीन पानं, जास्त नाही

माझा पहिला प्रस्ताव चाळीस पानांचा होता. नागपूर आणि विदर्भाच्या इतिहासाचा पेपर असावा, त्यासोबत मूल्यमापन बदलावं, माध्यमाचा विचार व्हावा, असं सगळं मी एकाच फायलीत घातलं. विषयाचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या अभ्यास मंडळानं ती फाईल अभ्यासासाठी उपसमितीकडे दिली आणि ती तिथंच राहिली. दोष माझा होता. चाळीस पानं वाचून सभेत "हो" म्हणायला कोणाला काहीच आधार मी दिला नव्हता.

दुसऱ्यांदा तीन पानं नेली. पहिल्या पानावर घटक आणि प्रत्येकापुढे तास. श्रेयांकाचा हिशेब साधा आहे: थिअरीचा एक श्रेयांक म्हणजे १५ तास, चार श्रेयांकांचा पेपर म्हणजे ६० तास, म्हणजे पंधरा आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला चार. ६० तासांत जे बसत नाही ते कितीही प्रिय असलं तरी काढा. मी महानुभावांवरचा घटक जड मनानं अर्धा केला. महानुभाव साहित्याचे अभ्यासक वि. भि. कोलते यांच्या गावात हे करताना वाईट वाटतं.

दुसऱ्या पानावर नमुना प्रश्नपत्रिका. ही आधी कोणी जोडत नसे, आणि प्रस्ताव पुढे गेला तो याच पानामुळे. "खालसा धोरणाचं परीक्षण करा" याच्या जागी मी असा प्रश्न घातला: लिलावाबद्दलचा दहा ओळींचा समकालीन उतारा दिला आहे, हा कोणी लिहिला असावा, कोणासाठी, आणि राजवाड्यातल्या बायकांच्या बाजूचं त्यात काय आलेलं नाही ते लिहा. दुसरा प्रश्न गोंडांवर होता. हे शहर वसवलं देवगडच्या गोंड राजानं, बख्त बुलंद शाहानं. पण गोंडांच्या गाण्यांची टिपणं आपल्याला मिळतात ती स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याच्या कागदांतून. त्याच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये ते छापले गेले. मग प्रश्न असा: परक्या धर्मप्रसारकानं टिपलेलं गाणं आपण पुरावा म्हणून कसं वापरायचं? याचं उत्तर पाठ करून येत नाही, ते वर्गातच तयार व्हावं लागतं.

तिसऱ्या पानावर तीन गोष्टी: पुस्तकं कुठं मिळतील, कोण शिकवू शकेल, आणि जुन्या अभ्यासक्रमात नापास झालेल्यांचं काय. या शेवटच्या गोष्टीला आपल्याकडे अ‍ॅब्सॉर्प्शन स्कीम म्हणतात: जुना कोणता पेपर नव्या कोणत्या पेपरशी समकक्ष धरायचा त्याचा तक्ता. तो नसला की परीक्षा विभाग पहिल्याच दिवशी अडवतो, आणि बरोबरच अडवतो. पुस्तकांचा प्रश्न मला एका ग्रामीण कॉलेजातल्या सरांनी सभेत विचारला, "मॅडम, आमच्या पोरायले पुस्तक कोठी भेटन?" मी चार महत्त्वाच्या लेखांच्या झेरॉक्सचा एक संच बांधून नेला होता. तो टेबलावर ठेवला आणि त्यांनीच प्रस्तावाला अनुमोदन दिलं.

वाट कशी आहे तेही पाहा. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात विद्याशाखा चार: विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविज्ञान आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. प्रस्ताव अभ्यास मंडळातून विद्याशाखेकडे आणि तिथून विद्वत परिषदेकडे जातो. तुम्ही मंडळावर नसलात तरी चालतं. मंडळावरच्या एका सदस्याला सोबत घ्या, आणि सभेची विषयपत्रिका निघण्याआधी प्रस्ताव त्यांच्या हातात द्या. सभा सुरू असताना "अध्यक्षांच्या परवानगीनं" आणलेला विषय पुढच्या सभेवर जातो.

माध्यमाबद्दल थोडंसंच. स्वातंत्र्याच्या सुमारास नागपूर विद्यापीठानं मराठी आणि हिंदी माध्यमाचा धाडसी निर्णय घेतला होता. पण मराठीत उत्तर लिहायची मुभा आणि मराठीत वाचायला चांगलं काही असणं यात फार अंतर आहे. मराठी माध्यमासाठी भांडणार असाल तर प्रत्येक घटकाला निदान एक चांगला मराठी लेख स्वतः शोधून जोडा, नसेल तर लिहा.

शिक्षक: सगळी किल्ली कार्यभाराच्या तक्त्यात

इंग्रजांच्या काळात एकाच कामाचे दोन दर होते. इंडियन एज्युकेशनल सर्व्हिसमध्ये बहुतेक युरोपियन आणि त्यांच्या खालच्या प्रांतिक सेवेत भारतीय. जगदीशचंद्र बोस १८८५ मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात लागले तेव्हा युरोपियन प्राध्यापकांपेक्षा कमी पगार देऊ केला म्हणून त्यांनी तीन वर्षं पगारच घेतला नाही. आज स्टाफरूममध्ये एका खुर्चीवर पूर्ण वेतनाचा प्राध्यापक आणि शेजारच्या खुर्चीवर तेवढेच तास घेणारा सीएचबीवाला बसतो, तेव्हा मला तेच आठवतं. रंग गेला, पण दोन दर राहिले. हे मला मनापासून लागतं, आणि कोणत्याही सुधारणेत मी हे आधी ठेवते.

रिकामं पद भरायला मोर्चे लागतात, निवेदनं लागतात, हे खरं. पण त्याआधी कागद लागतात, आणि ते विभागातच तयार होतात. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकानं आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवायचं, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापकानं १४. तुमच्या विभागाचे सगळे तास एका चौकटीच्या कागदावर मांडा: वर्ग, पेपर, तुकडी, तास. समजा बेरीज ३८ आली. १६ ने भागलं की दोन पूर्णवेळ पदं आणि वर ६ तास. हे सहा तास सीएचबीत जातात. आता नवा पेपर जुन्याच्या जागी आणलात तर बेरीज ३८ च राहील. पण तोच पेपर दुसऱ्या विद्याशाखेच्या मुलांसाठी ओपन इलेक्टिव्ह म्हणूनही ठेवलात तर चार तासांची आणखी एक तुकडी होते आणि सहाचे दहा होतात. अभ्यासक्रम ठरतो त्याच दिवशी पदांचंही ठरत असतं; म्हणून प्रस्ताव देताना तासांचा परिणाम तुम्हीच लिहून द्या.

त्यानंतरची साखळी अशी. मंजूर पदांचा आकृतिबंध, कार्यभाराची तपासणी, बिंदुनामावली म्हणजे राखीव जागांच्या रोस्टरची तपासणी, उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयामार्फत ना हरकत, जाहिरात, निवड समिती आणि शेवटी विद्यापीठाची मान्यता. यात कुठंही एक सही राहिली की पद राहतं.

मी जिथं नोकरी केली त्यातल्या एका कॉलेजात आमच्या विभागातलं निवृत्तीनं रिकामं झालेलं पद चार वर्षं भरलं नाही. सगळे म्हणायचे, शासन परवानगी देत नाही. चौथ्या वर्षी मी कार्यालयात बसून फाईल वाचली. ती शासनाकडे गेलीच नव्हती. रोस्टरचं रजिस्टर अद्ययावत नव्हतं, म्हणून तपासणीला नेता येत नव्हतं. ते रजिस्टर अजून डोळ्यांसमोर आहे: लांबट, निळ्या कापडी पुठ्ठ्याचं, डावीकडे बिंदूचा क्रमांक, मग प्रवर्ग, नेमणूक झालेल्याचं नाव, रुजू तारीख, जातीच्या दाखल्याचा तपशील, आणि शेवटची नोंद कितीतरी वर्षांपूर्वीची. बडे बाबू चांगला माणूस होता, पण ते भरायला त्याला सेवापुस्तकं हवी होती आणि ती तीन कपाटांत विखुरलेली. आम्ही दोन शनिवार बसलो. मी सेवापुस्तकातून वाचून दाखवायची आणि ते लिहायचे. तिसऱ्या आठवड्यात रजिस्टर तपासणीला गेलं. पद भरायला पुढेही वेळ लागला, पण त्या दोन शनिवारांशिवाय ते कधीच भरलं नसतं. राखीव जागा कागद अपुरा म्हणून वर्षानुवर्षं रिकामी राहणं हा त्या जागेवर हक्क असलेल्या मुलामुलींवरचा अन्याय आहे, म्हणून रजिस्टर कंटाळवाणं समजू नका.

तुमच्या विभागातलं कोणी निवृत्त होणार असेल तर तारखेच्या एक वर्ष आधी ही साखळी हलवायला घ्या. आणि तुम्ही स्वतः सीएचबीवर असाल तर दर सत्राचा नेमणूक आदेश लेखी मागा, महिन्याच्या तासांच्या तक्त्याची सहीशिक्क्याची प्रत स्वतःकडे ठेवा. अनुभव मोजायची वेळ येते तेव्हा हेच कागद बोलतात.

कारभार: मतदार व्हा, मग प्रश्न विचारा

कर्झनच्या १९०४ च्या कायद्यानं सिनेटमध्ये जास्तीत जास्त १०० फेलो ठेवले, आणि मोठ्या तीन विद्यापीठांत त्यातले फक्त २० निवडून यायचे. बाकी सरकारच्या मर्जीचे. आजच्या अधिसभेत, म्हणजे सिनेटमध्येच, चित्र पुष्कळ बदललं आहे: शिक्षकांचे दहा, प्राचार्यांचे दहा, संस्थाचालकांचे सहा आणि नोंदणीकृत पदवीधरांचे दहा निवडून येतात. तुम्ही पदवीधर आहात ना? मग नोंदणी केली का? माझ्या वर्गातल्या शंभर मुलांना विचारलं तर दोन हात वर यायचे. नोंदणी सुरू झाल्याची सूचना निघते तेव्हा पदवीची प्रत आणि पत्त्याचा पुरावा तयार ठेवा, आणि आपल्यासोबत आपल्या माजी विद्यार्थ्यांनाही न्या.

मतदान पसंतीक्रमाचं असतं. फुली नाही, आकडा लिहायचा: १, मग २, मग ३. मी एकदा मतमोजणीला प्रतिनिधी म्हणून बसले होते. फुल्या मारलेल्या, नावापुढे "हो" लिहिलेल्या मतपत्रिका बाद होताना पाहिल्या; शिकलेल्या लोकांच्या. आणि नुसता १ लिहून थांबू नका. तुमचा पहिला उमेदवार बाहेर पडला तर दुसऱ्या पसंतीशिवाय तुमचं मत तिथंच संपतं.

अधिसभेत तुमचा माणूस असला की त्याला भाषण देऊ नका, प्रश्न लिहून द्या. अंदाजपत्रकाच्या सभेआधी परीक्षा शुल्क आणि ग्रंथालय या दोन ओळींची तुलना द्या आणि प्रश्न एवढाच: ग्रंथालयाला गेल्या वर्षी मंजूर झालेल्यातला किती पैसा खर्च झाला? प्रश्न आणि ठराव दोन्ही मुदतीआधी लेखी द्यावे लागतात. ती मुदत सूचनेतच असते. उत्तर इतिवृत्तात आलं की नाही ते पुढच्या सभेत तपासा.

कागदांची उतरंडही डोक्यात ठेवा. अधिनियम विधिमंडळाचा, त्याखाली परिनियम, मग अध्यादेश, मग विनियम. याशिवाय कुलगुरूंचा निदेश असतो, तातडीच्या गोष्टींसाठी. तो तात्पुरता असायला हवा, पण कितीतरी अभ्यासक्रमांचे नियम निदेशांवरच चालतात. तुमच्या अभ्यासक्रमाचा निदेश क्रमांक आणि वर्ष शोधून काढा. नियम बदला म्हणताना नेमका कोणता कागद बदलायचा ते सांगता आलं नाही तर टेबलापलीकडचा माणूस तुम्हाला गोड बोलून परत पाठवतो.

कागद मिळत नसेल तर माहितीचा अधिकार आहे. महाराष्ट्रात नमुना "अ"वर अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांचा स्टॅम्प लावून. त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोग, त्याचं खंडपीठ नागपुरातच आहे. "का केलं नाही" असं विचारू नका, कारणाचं उत्तर येत नाही. "अमुक तारखेच्या सभेच्या इतिवृत्ताची प्रत द्यावी" असं मागा.

माझ्या विद्यार्थिनीला मी त्या दिवशी वडिलांच्या पेपरची झेरॉक्स दिली. तिनं ती उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर तिच्या विभागाचे तास मांडले. बेरीज २६ आली, म्हणजे एक पूर्णवेळ पद आणि दहा तास. शिकवणारे दोघे, दोघेही तासिकेवर. मंजूर पद आहे की नाही हे तिला कोणी कधी सांगितलंच नव्हतं. आकृतिबंधाच्या प्रतीसाठीचा अर्ज आम्ही तिथंच स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहिला. १५० शब्दांत बसवायला तीनदा खोडावं लागलं. दुसऱ्या दिवशी तिनं तो आवक शाखेत दिला आणि दुय्यम प्रतीवर शिक्का घेऊन मला फोटो पाठवला.